स्वस्तातला प्रलय

जगाच्या अंताबद्दल आमच्या घरात कधीच फारशी भीती नव्हती. आजी रोज तिन्हीसांजेला दिवा लावताना "कलियुग भरत आलं हो" असं म्हणायची आणि लगेच उद्यासाठी मटकी भिजत घालायची. प्रलय आणि मटकीची उसळ एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. पण हाच प्रलय अगदी बेताच्या खर्चात, चार मोटारसायकली जमवून आणि दुसऱ्याच्या पडक्या घरांत साजरा करता येतो, हे ज्ञान मात्र मला इटालियन लोकांनी दिलं. तेसुद्धा परळच्या चाळीत, रात्री दीड वाजता, बिऱ्हाडामागे पाच रुपये वर्गणीत.

त्याचं असं झालं. साल १९८५. चाळीच्या गणपतीत एक रात्र रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा ठराव झाला. एका रात्रीच्या भाड्यात तीन सिनेमे बसवायचे, हा त्या काळचा हिशेब. पहिला भक्तिपट, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा रडका, बायकांसाठी. तिसरा मारामारीचा, म्हणजे पोरांसाठी. पण प्रत्यक्षात म्हातारे आणि बायकाही त्यासाठीच जाग्या राहत. कॅसेटवाल्याने तिसऱ्या डबीत भलतीच कॅसेट घालून दिली. डबीवर अमिताभ, आत इटली! दुकान बंद झालेलं. पोरं खवळली. पण आमचे अध्यक्ष नाना म्हणाले, "पैसे भरलेत ना? मग बघून टाका." न मागता वाढलेली भाजीही पानात टाकायची नाही, अशा संस्कारात वाढलेली आमची चाळ. बसलो बघत.

सिनेमाचं नाव '१९९०: द ब्राँक्स वॉरियर्स'. तयार झालेला १९८२ साली, दिग्दर्शक एन्झो कास्तेल्लारी. सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की, १९९० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागावर सरकारने पाणी सोडलं असून आता तिथे टोळ्यांचं राज्य आहे. मग नायक अवतरला. कमरेपर्यंत यायच्या बेतात असलेले केस, कातडी जाकीट आणि चालताना पाठीला फळी बांधल्यासारखा ताठा. त्याचं नाव ट्रॅश.

"ट्रॅश म्हणजे काय हो?" माईंनी विचारलं.

"कचरा."

"अगं बाई! आधीची जगली नसतील. आमच्याकडे नाही का, दगडू, धोंडू ठेवतात?"

एका क्षणात नायकाचं गोत्र ठरलं आणि निम्मी चाळ त्याच्या बाजूने झाली. पुढे चाकांचे बूट घातलेली, हातात हॉकीच्या काठ्या घेतलेली एक टोळी आली. तिला आम्ही लेझीम पथक म्हणून मान्यता दिली. मग नदीकाठी दोन टोळ्यांची बैठक. मोटारसायकलींवर कवट्या बसवलेल्या, आता मुडदे पडणार असं वातावरण, आणि मागे एक गृहस्थ एकटाच ड्रम वाजवत बसलेला. तो कोण, कुठला, का वाजवतोय, काही खुलासा नाही. जग संपलेलं आहे, समोर दोन टोळ्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या आहेत, आणि ह्याची आपली तालीम चालू!

"ताल सोडत नाही बघा गडी," एवढंच मामा म्हणाले.

हे मामा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे मृदंगवाले. गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कधी संपला हे कुणी जाहीर करण्याआधीच त्यांची नोकरी संपली. एरवी सिनेमात सगळ्यात मोठ्याने हसणारा हा माणूस, पण त्या रात्री हसेना. पडद्यावर खिडक्यांची नुसती भोकं उरलेल्या सहामजली इमारती, रांगेने. सगळे जण मारामारी बघत होते, मामा इमारती बघत होते.

"अन् ह्या घरांत राहणारी माणसं कुठं गेली?" त्यांनी एकदम विचारलं.

"सिनेमा आहे हो, मामा," मी म्हणालो.

"सिनेमा खोटाच आहे. घरं खरी दिसतात."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. चाळीत सुशिक्षित म्हणून माझा लौकिक होता, त्याला त्या रात्री पहिला तडा गेला. तो बुजवण्यासाठी मी पुढे बरीच वर्षं, जमेल तसा, ह्या सिनेमांचा इतिहास गोळा करत राहिलो. एखाद्याने तुकारामावर प्रबंध लिहावा, तितक्या निष्ठेने मी ट्रॅशवर वाचन केलं आहे. तो प्रबंध कुठलंही विद्यापीठ घेणार नाही, म्हणून इथे सांगतो.

इटालियन सिनेमावाल्यांचा एक शब्द आहे, 'फिलोने'. म्हणजे खडकात सापडलेली धातूची शीर. एक शीर लागली की सगळ्यांनी कुदळी घेऊन तिथेच धावायचं, ती संपेपर्यंत खणायचं, मग दुसरी शोधायची. आमच्या नाक्यावर एकाची वडापावची गाडी चालली की सहा महिन्यांत पाच उभ्या राहतात, तोच हा शास्त्रोक्त प्रकार. १९५८ साली स्टीव्ह रीव्हज नावाच्या पैलवानाचा 'हर्क्युलिस' चालला; लगेच इटलीभर पैलवान दगड उचलू लागले. १९६४ साली सर्जिओ लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला आणि त्याच पैलवानांच्या जागी घोडेस्वार आले. लिओनेने स्वतःचं नाव लावलं बॉब रॉबर्टसन. वडील पडद्यावर रॉबेर्टो रॉबेर्टी नाव लावत, त्यांचा मुलगा म्हणून रॉबर्टसन! पितृभक्ती आणि फसवणूक यांचा इतका सुरेख संगम मी अन्यत्र पाहिलेला नाही. गोष्ट मात्र जपानच्या कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून उचललेली. जपान्यांनी दावा लावला आणि तडजोडीत उत्पन्नाचे १५ टक्के वसूल केले.

पुढे भुताखेतांचा हंगाम आला. अमेरिकेतला 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोंबी' नावाने चालला. त्याबरोबर १९७९ साली फाब्रित्सिओ दे आंजेलिस या निर्मात्याने एक वेगळाच सिनेमा काढून त्याला नाव दिलं 'झोंबी २'. म्हणजे पहिला भाग दुसऱ्याचा, दुसरा आपला. शेजाऱ्याच्या घरी लग्न आणि बाराव्या दिवशी बारसं आमच्या घरी, अशातला हा मामला. हाच दे आंजेलिस आमच्या ट्रॅशचाही निर्माता.

१९७९ साली अमेरिकेत 'द वॉरियर्स' आला, त्यात टोळ्या. १९८१ साली जॉन कारपेंटरचा 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' आला, त्यात वाया गेलेलं शहर. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून 'मॅड मॅक्स २' आला, त्यात उजाड वाळवंट आणि पेट्रोलसाठी मारामाऱ्या. इटालियन माणसाने तिन्ही एका पातेल्यात घातले, वरून रस्सा ओतला, आणि १९८२ ते १९८४ या काळात जग अनेक वेळा संपवलं.

जगाचा अंत ही धातूची शीर निर्मात्यांना एवढी का आवडावी? तर खर्च वाचतो म्हणून. राजामहाराजांचा सिनेमा काढायचा तर महाल हवा, रेशीम हवं. प्रलयानंतरचा काढायचा तर काहीच नको. कपडे फाटके हवेत, मोटार पोचे आलेली हवी. रोमबाहेर एक खडीची खाण गाठली की झालं अणुयुद्धानंतरचं जग. कास्तेल्लारीचा 'द न्यू बार्बेरियन्स' (१९८३) अशाच खाणीत झाला. साल दाखवलं २०१९. अणुयुद्धात दुनिया बेचिराख झाली, पण पेट्रोल, केसांचा फुगा आणि खांद्यावर लावायच्या पांढऱ्या गाद्या एवढ्या तीन वस्तूंचा पुरवठा अखंड चालू. त्यातला खलनायक म्हणतो की, जगाचा नाश पुस्तकांमुळे झाला, आणि एक पुस्तक टराटरा फाडतो. हा सिनेमा मी पुढे घरी पाहिला तेव्हा आमच्या सौभाग्यवती केर काढत होत्या. त्या थांबल्या. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे.

"अहो, माणूस दिसायला दांडगट आहे, पण बोलतोय बरोबर."

हा दांडगट म्हणजे जॉर्ज ईस्टमन. खरं नाव लुईजी मोंतेफिओरी. साडेसहा फुटांच्या वर उंची. 'ब्राँक्स वॉरियर्स'मध्ये चाकांच्या बुटांवरच्या लेझीम पथकाचा म्होरक्या हाच. सर्जिओ मार्तिनोच्या '२०१९: आफ्टर द फॉल ऑफ न्यूयॉर्क' मध्ये केसाळ अर्धवानर हाच. जो दामातोच्या 'एंडगेम'मध्येही हाच. तिन्ही दिग्दर्शकांनी जग वेगवेगळ्या तऱ्हेने संपवलं, पण मागे उरणारा माणूस एकच. डार्विनने ह्याला भेटायला हवं होतं.

नावांचा घोळ तर विचारू नका. मार्तिनो पडद्यावर मार्टिन डोलमन झाला. जो दामातो हेच मुळात अरिस्तिदे मासाच्चेझीचं टोपणनाव. 'एंडगेम'साठी त्याने त्यावर स्टीव्हन बेन्सन हे आणखी एक चढवलं. नाव अमेरिकन दिसलं की परदेशात सिनेमा विकला जाई, एवढाच हेतू. चित्रीकरणाच्या वेळी आवाज धरतच नसत. नट इंग्रजी, इटालियन, ज्याला जे येईल ते बोलायचा; शब्द मागाहून चिकटवायचे. त्यामुळे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो. आमच्या हेडक्लार्कचंही असंच होतं, पण त्यांचे पैसे कुणी दिले नाहीत.

ट्रॅशचं काम करणारा पोरगाही असाच मिळाला. रोमच्या एका व्यायामशाळेत सापडलेला मार्को दी ग्रेगोरिओ. पडद्यावर मार्क ग्रेगरी. अभिनयाशी आधीचा संबंध नाही. नायिका स्तेफानिया जिरोलामी, दिग्दर्शकाची सख्खी मुलगी. म्हणजे घरचं कार्य, घरचीच माणसं.

आणि ह्या वऱ्हाडात आमच्या मुंबईचंही एक माणूस होतं. १९८३ सालच्या 'वॉरियर ऑफ द लॉस्ट वर्ल्ड' मध्ये नायकाची मोटारसायकल बोलते आणि महत्त्वाचं वाक्य तीनतीनदा म्हणते, कीर्तनकारासारखी. त्यात हुकूमशहाच्या तावडीतून बापाला सोडवायला निघालेली मुलगी म्हणजे पर्सिस खंबाटा. मुंबईच्या पारशी घरातली, १९६५ची मिस इंडिया. १९७९च्या 'स्टार ट्रेक'साठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले, तेव्हा इथल्या मासिकांनी त्या केसांसाठी जेवढा शोक केला तेवढा पुष्कळ माणसांच्या वाट्याला येत नाही. पुढे तिला हॉलीवुडने फार काही दिलं नाही. मग इटलीच्या कमी खर्चाच्या प्रलयात ती उभी राहिली, ताठ मानेने. आजूबाजूला सगळं पुठ्ठ्याचं, पण ही बाई महालात असल्यासारखी वावरते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच ती वारली, वयाच्या ४९ व्या वर्षी.

आता मामांचा प्रश्न. घरं खरी होती का?

खरी होती. आणि इथे ह्या इतिहासाची सगळी गंमत एकदम उलटते. कारपेंटरचा सिनेमा अमेरिकन, पण त्यातलं पडकं न्यूयॉर्क बहुतेक सेंट लुइस शहरात उभं केलेलं. तिथला एक भाग १९७६ च्या आगीत जळला होता, तो कामी आला. आणि त्याची नक्कल करणारे हे इटालियन मात्र कॅमेरा घेऊन खऱ्या ब्राँक्समध्ये गेले. पडझड उभी करायला पैसे नव्हते, म्हणून जिथे ती फुकट मिळत होती तिथे गेले. आतले प्रसंग रोममध्ये उरकले, बाहेरचे ब्राँक्समध्ये. कंजूषपणाने माणूस कधी कधी खरं बोलून जातो, तो असा.

१९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधली वस्ती तीन लाखांनी घटली. जनगणनेच्या सात विभागांत तर ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा बेवारशी होऊन गेल्या. मोठा रस्ता काढताना शेजार मोडले. भाडं परवडेना म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली. काहींनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच आग लावली. आणि त्याच सुमाराला काटकसर म्हणून महापालिकेने आगीचे बंबही कमी केले. १९७७ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटच्या विटांच्या ढिगात उभे राहून फोटो काढून गेले. १९८० च्या ऑगस्टमध्ये निवडणुकीला उभे असलेले रेगन त्याच जागी उभे राहून गेले. ढीग तिथेच राहिला. अणुबाँब पडलाच नव्हता. हिशेबाच्या वह्यांनी काम भागलं होतं.

याहून मोठा नेपथ्यकार पुढेच आहे. १९८३ च्या सुमाराला हमरस्त्यावरून जाणाऱ्यांना ओसाड इमारती दिसू नयेत म्हणून न्यूयॉर्कच्या महापालिकेने मोकळ्या खिडक्यांवर चित्रं चिकटवली. चित्रात पडदे, झडपा, फुलझाडांच्या कुंड्या. आत माणूस नाही, छप्पर नाही, आणि खिडकीत छापील कुंडी! इटालियन निर्माता भग्न घरांना सिनेमा म्हणून विकत होता, आणि सरकार त्याच भग्न घरांना घर म्हणून दाखवत होतं. दोघांत नेपथ्य कुणाचं स्वस्त, हे सांगणं कठीण.

त्याच १९८३ साली कास्तेल्लारीने दुसरा भाग काढला, 'एस्केप फ्रॉम द ब्राँक्स'. त्यात एक कंपनी चकचकीत नवं शहर बांधण्यासाठी ब्राँक्समधल्या माणसांना "दुसरीकडे छान घरं देतो" म्हणून हुसकते आणि जे हलत नाहीत त्यांच्यावर आगीचे फवारे मारते. ट्रॅशचे आईबाप त्यांच्याच घरात जाळले जातात. समीक्षकांनी हा सिनेमा बटबटीत ठरवला. तो आहेच बटबटीत. पण आग कोण लावतं आणि कशासाठी, हे त्याने सरळ सांगितलं.

पहिल्या भागात क्रूर पोलिसाचं काम व्हिक मॉरो या जाणत्या अमेरिकन नटाने केलं. आगी, स्फोट, मोटारसायकली, सगळ्यातून तो सुखरूप परतला. मग २३ जुलै १९८२ ला हॉलीवुडच्या एका मोठ्या सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना हेलिकॉप्टर कोसळून त्याचा आणि त्याच्याबरोबरच्या दोन लहान मुलांचा जीव गेला. स्वस्तातल्या प्रलयाची थट्टा करताना हे मला नेहमी आठवतं आणि थट्टा थोडी आखडती घ्यावी लागते.

बरं, दुसऱ्याचं जग संपवता संपवता ह्या सिनेमावाल्यांचं स्वतःचं जग संपत होतं, हे त्यांना ठाऊक होतं का? बहुधा असावं. १९७६ साली इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने खासगी केंद्रांना आपापल्या भागापुरती टीव्हीची मोकळीक दिली. घरोघर फुकट सिनेमे दिसू लागले. १९७५ साली इटलीत सिनेमाची ५० कोटींच्या वर तिकिटं खपली होती. १९८५ साली ती साडेबारा कोटींच्या आत आली. गल्लीबोळांतली दुय्यम थिएटरं, जिथे हे सिनेमे चालायचे, ती पटापट मिटली. तरी ही मंडळी दर दोन महिन्यांनी एक प्रलय काढतच होती. पुढे काढायला प्रलयही परवडेना. ट्रॅश झालेल्या पोराने १९८९ नंतर सिनेमा सोडला, तो पुन्हा आला नाही.

१९९० आलं, गेलं. ब्राँक्सवर टोळ्यांचं राज्य आलं नाही. २०१९ ही आलं. इटालियन हिशेबाप्रमाणे मी त्या वर्षी पेट्रोलसाठी कुणाचा तरी गळा कापायला हवा होता. प्रत्यक्षात मी बँकेत तिसऱ्यांदा केवायसीचा अर्ज भरत होतो.

त्याच वर्षी मुलाकडे न्यू जर्सीला जाणं झालं. लोक स्वातंत्र्यदेवी बघतात, मी म्हणालो, "मला शार्लट स्ट्रीटला ने."

"बाबा, तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"घरं."

कुरकुरत नेलं त्याने. जिथे दोन अध्यक्षांनी फोटो काढले होते, तिथे १९८० च्या दशकात तिथल्याच लोकांच्या संस्थांनी खटपट करून बैठी घरं बांधली. पुढे हिरवळीचा तुकडा, कुंपण. मी गेलो तेव्हा एक म्हातारा नळी लावून गाडी धूत होता. कुणी गात नव्हतं, कुणी कवट्या लावून आलं नाही. इतकं साधं दृश्य की, कुठलाही इटालियन निर्माता कॅमेरा न उघडता परत गेला असता.

एका घराच्या खिडकीत पडदा होता, फुलाफुलांचा. मी रस्त्यापलीकडून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.

"बाबा, लोकांच्या खिडकीत असं बघायचं नसतं इथे. पोलीस बोलावतील."

"जरा थांब," मी म्हणालो. मला फक्त तो पडदा चिकटवलेला आहे की खरा, एवढंच बघायचं होतं. आमची चाळ केव्हाच पाडली गेली होती. मामा त्याआधीच गावी गेले आणि तिकडेच वारले. हे उत्तर कुणाला कळवायचं, ते काही मला सुचत नव्हतं.

वारा आला आणि पडदा हलला.